गाण्यातल्या माणसाला काय हवंय? प्रेरणेच्या मानसशास्त्रातून गाणं वाचण्याची रीत

गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण गाणं वाचायला बसतो. गायला नव्हे, वाचायला. भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका, निवृत्त शिक्षिका असलेल्या एक काकी, बीएच्या तीन मुली, मी, आणि सवड मिळेल तसे येणारे एक-दोघे. पहिल्या शनिवारी मी फळ्यावर मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा गरजांचा त्रिकोण काढला (तळाला भूक-तहान, मग सुरक्षितता, आपलेपणा, प्रतिष्ठा आणि शेंड्यावर आत्मपूर्ती) आणि प्रत्येकाला विचारलं, तुमचं आवडतं गाणं यात कुठे बसतं? पंधरा मिनिटांत सगळी गाणी बसली. विरहाचं तिसऱ्या थरात, भजन शेंड्यावर, शेतकऱ्याचं गाणं तळाला. पण एकाही गाण्याविषयी कुणाला आधी माहीत नव्हतं असं काही कळलं नाही.

त्यानंतर दीडेक वर्षात जी रीत हाताला बसली ती इथे मांडते. तिच्यात सिद्धांत शेवटी येतो. आधी गाण्यातल्या माणसाला काय हवंय, मधे काय आडवं आलंय आणि त्यापायी तो काय सोडायला तयार आहे, हे शब्दांतून दिसलं पाहिजे. हे तिन्ही नीट दिसलं की कोणता सिद्धांत उपयोगी पडेल ते बहुतेक वेळा गाणंच सांगतं.

मजकुरातून प्रेरणा शोधणं हे मानसशास्त्राला नवं नाही. क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी 1935 मध्ये चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावण्याची चाचणी मांडली. पुढे डेव्हिड मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गोष्टींमधून यशाची, जवळिकीची आणि सत्तेची ओढ मोजण्याच्या पद्धती बसवल्या. 1961 मध्ये तर मॅक्लेलंडनी देशोदेशींच्या शालेय पुस्तकांतल्या गोष्टी याच नजरेने तपासल्या. गाणं ही गोष्टच आहे, फक्त तिच्यातला बराच भाग न सांगितलेला असतो.

पहिली पायरी: शब्द हाताने उतरवा

गाणं तीनदा ऐका आणि शब्द वहीत लिहा. मोबाइलवर मिळणारा तयार मजकूर घेऊ नका, त्यात चुका फार असतात. शिवाय लिहिताना हात जिथे अडखळतो तिथेच बहुधा गाण्याची गाठ असते. धृपद दर वेळी पूर्ण लिहा. ते कितव्यांदा येतं आणि कोणत्या ओळीनंतर येतं, याला अर्थ आहे. मग तेच शब्द चाल विसरून सावकाश मोठ्याने वाचा. चाल आपल्याला आधीच रडवून किंवा नाचवून ठेवते, आणि मग शब्द काय म्हणतात ते कानावर पडत नाही.

गोव्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्या घरांत मराठी आणि कोंकणी गाणी एकाच पेटीवर वाजतात. कोंकणी गाण्याचं मनातल्या मनात मराठी करू नका, शब्द आहे तसा लिहा. याचं कारण चौथ्या पायरीत कळेल.

दुसरी पायरी: कोण कुणाशी बोलतंय

पानाच्या वर तीन नावं लिहा: बोलणारा, ऐकणारा, आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो. बोलणारा म्हणजे कवी नव्हे, गायिकाही नव्हे. एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात. प्रियकराने फसवलं असं गाणं लिहिणाऱ्याचं आयुष्य खणत बसण्याची आपल्याला सवय आहे, पण त्यातून गाण्याविषयी काहीच हाती लागत नाही.

तिसरी पायरी: क्रियापदांखाली रेघ

इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा. भावनेचे शब्द सोडून द्या. दुःख, प्रेम, आस, हुरहूर हे शब्द सगळ्याच गाण्यांत असतात. माणसाची प्रेरणा क्रियापदाच्या रूपात लपलेली असते आणि आपल्या भाषेने त्यासाठी जी सोय करून ठेवली आहे तिचं मला अजून नवल वाटतं. एकच ‘जाणं’ घ्या.

मला जावं लागतं. मला जायला हवं. मला जायचंय. मला जावंसं वाटतं. मला जाववत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा स्वनिर्णयाचा सिद्धांत 1985 च्या सुमारास पूर्ण आकाराला आला. त्याचं म्हणणं असं की प्रेरणा आहे की नाही एवढंच विचारून भागत नाही, ती किती आपली आहे हे विचारावं लागतं. एका टोकाला बाहेरून लादलेली सक्ती. तिच्या अलीकडे आत शिरून बसलेली सक्ती: कुणी हाकत नाही, पण न केल्यास लाज वाटेल, अपराधी वाटेल. मग पटलेली गोष्ट, मग स्वभावात मुरलेली, आणि दुसऱ्या टोकाला केवळ करण्यातल्या आनंदासाठी केलेली. आता वरची पाच वाक्यं पुन्हा वाचा. ‘जावं लागतं’मध्ये सक्ती बाहेर आहे. ‘जायचंय’मध्ये माणसाने ठरवलं आहे. ‘जावंसं वाटतं’ आतून उमटतं, पण ठरलेलं काहीच नाही. ‘जायला हवं’ हे सगळ्यांत फसवं रूप आहे. ते धाकाचंही असू शकतं आणि पटलेल्या कर्तव्याचंही, म्हणून त्याच्या आगेमागे लाजेचे, लोकांचे, ‘काय म्हणतील’चे शब्द आहेत का ते पाहावं लागतं.

‘जाववत नाही’ हे रूप तर डेसी-रायन यांच्या कुठल्याच खणात सरळ बसत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. राहवत नाही, सोडवत नाही, बघवत नाही. बोलणाऱ्याने ठरवलं एक आणि त्याचं मन किंवा शरीर दुसरंच करतंय. मराठी विरहगीतांत ही रूपं इतक्या वेळा येतात की त्यांच्यासाठी वेगळा रंग ठेवलेला बरा.

सरावासाठी मी एक ओळ जुळवली होती: ‘सोडायला हवं तुला, सोडवत नाही गं.’ मुलींनी लगेच ‘प्रेम’ असं लिहिलं. काकींनी विचारलं, “सोडायला हवं, असं तिला कोण सांगतंय?” त्या प्रश्नानंतर तासभर बोलणं चाललं. गाण्यात सांगणारा दिसत नसेल तर तो तिच्या आतच बसला आहे, आणि ओढाताण प्रियकर आणि ती यांच्यात नसून तिच्यातल्या दोघींत आहे.

चौथी पायरी: आडवं काय आलं आणि किंमत काय

ज्याला जे हवं ते लगेच मिळालं, त्याचं गाणं होत नाही. म्हणून हव्या गोष्टीसमोर अडथळा लिहा आणि त्याखाली किंमत लिहा. किंमत म्हणजे बोलणारा काय देऊ करतो, काय गमावायला तयार आहे.

यासाठी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची देखणी, म्हणजे नाचाबरोबर म्हणायचं कोंकणी गाणं, घेऊ: ‘हांव सायबा पलतडी वैता’. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती न नाचलेली मुलगी गोव्यात विरळा, आणि तिचे शब्द हिंदी चित्रपटातूनही देशभर गेले. तिला नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जायचं आहे, तिथल्या मांडवात कलावंतांचा, म्हणजे गाण्या-नाचावर जगणाऱ्या समाजाचा, खेळ आहे आणि ती त्यांतलीच एक. ती तारीला, म्हणजे नावाड्याला, वाट दाखवायला सांगते. तो नको म्हणतो. ती पायांतली पैंजणं देऊ करते, नाकातलं फूल देऊ करते. तो प्रत्येक वेळी नकोच म्हणतो.

आता क्रियापदं पाहा. ‘हांव वैता’. मला जायचंय नाही, जाऊ का नाही. मी जाते. परवानगी मागितलेलीच नाही. आणि लगेच पुढे ‘म्हाका वाट कळना’. जाणारी ‘हांव’ आहे, वाट न कळणारी ‘म्हाका’. इच्छा तिच्या हातात आहे, वाट नाही. डेसी-रायन माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगतात: स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा. त्यातली पहिली इथे पुरेपूर आहे, दुसरी नाही, आणि ती मिळवण्यासाठी तिला तिसरीच्या दारात, म्हणजे ‘सायबा’ म्हणत तारीपाशी यावं लागतं. मनातल्या मनात ‘मला पलीकडे जायचं आहे’ असं मराठी करून वाचलं असतं तर हा फरक हातातून निसटला असता.

मग किंमत. ती देते ते दागिने. हे कळीचं आहे. लग्नघरी बाई अंगावर दागिने घालून जाते, ही दागिने उतरवून जायला तयार आहे. म्हणजे चारचौघांत मिरवणं हा तिचा मुख्य हेतू असेल असं शब्द म्हणत नाहीत. इथेच मॅस्लोचा ‘प्रतिष्ठा’ हा थर गळून पडतो. पैंजण म्हणजे नाचायचे घुंगूर नव्हेत, त्यामुळे ती आपली कलाच विकायला निघाली आहे असंही म्हणता येणार नाही. त्याच वेळी हे केवळ मौजेचं जाणं आहे असंही समजू नका. कलावंत समाजाचं जगणं अशा बोलावण्यांवर चालत असे आणि मांडवातला खेळ हे कामही होतं. उपजीविका, कला आणि ओढ तिथे एकमेकांत विणलेली आहेत. ती वेगळी करून एकीलाच ‘खरी’ ठरवणं हा त्या बाईवर अन्याय आहे असं मला वाटतं.

तारी का ऐकत नाही? गाण्याबरोबर जी कथा सांगतात तिच्यात नदी खवळलेली असते. मला येतो त्या पाठात तसा शब्द नाही, नुसतं ‘म्हाका नाका गो’. कथेतलं कारण आणि शब्दांतलं कारण वहीत वेगवेगळ्या रंगांत लिहा. कथा धरली तर व्हिक्टर व्रूम यांचा 1964 चा सिद्धांत फार सुरेख लागू पडतो. त्यांच्या मते प्रेरणा हा एक गुणाकार आहे: प्रयत्न केला तर जमेल ही आशा, जमलं तर फळ मिळेल ही खात्री, आणि त्या फळाचं आपल्याला वाटणारं मोल. गुणाकारात एक आकडा शून्य झाला की सगळंच शून्य. होडी पलीकडे पोचणारच नाही असं तारीला वाटत असेल तर पैंजणांवर नथ ठेवा, नथेवर आणखी काही ठेवा, उत्तर शून्यच. कडव्यागणिक दागिना बदलतो आणि ‘नाका’ बदलत नाही, ते यामुळे. ती मोल वाढवत राहते, त्याची अडचण आशेत आहे.

आमच्यातल्या एका मुलीला इथे दुसराच प्रयोग आठवला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 मध्ये दाखवलं की चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना आधीच बक्षिसाचं आमिष दाखवलं तर नंतर मोकळ्या वेळी ती कमी चित्रं काढतात. तिचं म्हणणं असं की दागिने पुढे केल्यामुळेच तारीची इच्छा मेली. कल्पना चांगली, पण आमिषाआधी त्याची इच्छा होती याचा एकही शब्द गाण्यात नाही. तो पहिल्यापासून नकोच म्हणतो. सिद्धांत खरा असला तरी गाण्यात त्याला पाय ठेवायला जागा असावी लागते.

पाचवी पायरी: सिद्धांत निवडा, पण प्रश्नावरून

आता वहीत काय जमलं त्यावरून पुढचा प्रश्न ठरतो. माणूस दोन गोष्टींत अडकलेला दिसला तर कुर्ट लेविन उघडा. त्यांनी 1930 च्या दशकात असे तीन पेच सांगितले: दोन्ही हव्याशा, दोन्ही नकोशा, किंवा एकच गोष्ट हवीही आणि नकोही. बोलणाऱ्याला मनाई केल्यामुळेच ओढ वाढलेली दिसली तर जॅक ब्रेहम यांनी 1966 मध्ये मांडलेली प्रतिकाराची कल्पना पाहा: हिरावलं जाणारं स्वातंत्र्य परत मिळवण्याची धडपड. भेटीचा आनंद कुठेच नाही आणि तरी हवं हवं चाललंय असं दिसलं, तर केंट बेरिज यांनी दाखवलेला फरक उपयोगी पडतो. हवंसं वाटणं आणि आवडणं यांची मेंदूतली यंत्रणा वेगवेगळी आहे. त्यामुळे एखादी गोष्ट फारशी सुख देत नसतानाही तिची ओढ तशीच राहू शकते.

लेविन यांच्या तिसऱ्या पेचावर नील मिलर यांनी 1940 च्या दशकात जे काम केलं ते निरोपाच्या गाण्यांसाठी मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. लक्ष्य जवळ येतं तशी ओढ वाढते आणि भीतीही वाढते, पण भीतीची चढण जास्त उभी असते. म्हणून लांबून धीट असलेला माणूस उंबरठ्याशी येऊन थबकतो. तोर्क्वातु द फिगेरेदु यांचा आदेवसचा, म्हणजे निरोपाचा, मांडो (गोव्यातलं संथ चालीचं कोंकणी गीत) आठवा, मैफलीच्या शेवटी म्हणतात तो. तो आदल्या महिन्यात सुरू होत नाही. निरोपाची वेळ येऊन ठेपली, इथून सुरू होतो. आणि संसार नकोसा ‘दिसता’ असं म्हणतो. मी संसार नाकारतो असं नव्हे, तो मला तसा दिसू लागलाय. ठरवून जाणारा माणूस आहे, आणि जाण्याच्या क्षणी भीतीने ठरवण्याला मागे टाकलं आहे. आपल्या घराघरांतून तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, बोटीवर जात आले आहेत. त्यांनी किंवा त्यांच्या बायकांनी हे गाणं ऐकताना मिलर वाचायची गरज नव्हती. पण उंबरठ्यावरच डोळ्यांत पाणी का येतं याचं कारण मला तरी मिलर यांनी दिलं.

मॅस्लोविषयी एवढंच सांगते. त्यांच्या 1943 च्या मूळ लेखात त्रिकोण नाही, तो पुढच्यांनी काढला. क्रम ताठर नाही, त्याला अपवाद आहेत हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं आहे, आणि 1976 मध्ये वाहबा आणि ब्रिडवेल यांनी तोवरचे अभ्यास तपासले तेव्हा त्या क्रमाला फारसा आधार सापडला नाही. गाणी तर बहुतेक अपवादांचीच असतात: भूक विसरलेला प्रेमिक, घर सोडलेला वारकरी. म्हणून मॅस्लोचे थर उलटे वापरा. या गाण्यात कोणती खालची गरज वरच्या गरजेपायी सोडून दिली आहे, असा प्रश्न विचारला की तोच सिद्धांत कामाचा होतो.

सहावी पायरी: दोघांनी वेगळं वाचा, मग मोडून पाहा

गोष्टींमधून प्रेरणा मोजणारे संशोधक एकाच माणसाच्या वाचनावर भिस्त ठेवत नाहीत. दोघे परीक्षक स्वतंत्रपणे खुणा करतात आणि त्या जुळतात का ते पाहतात. तुम्हीही जोडीने बसा, पण अर्ध्या तासानंतरच वह्या समोरासमोर ठेवा. जिथे खुणा जुळत नाहीत त्या ओळींवर वेळ द्या.

मग आपण काढलेला अर्थ मोडणारी ओळ शोधा. प्रत्येक गाण्यात एखादी तरी ओळ आपल्या अर्थाच्या विरुद्ध जाते. ती सापडली नाही तर नीट शोधली नाही असं समजा. प्रत्येक विधानाखाली गाण्यातला शब्द लिहा, आणि शब्द नसेल तर विधान खोडा. पेटीवाल्या काकांना हे सुरुवातीला फार कडक वाटलं. आता तेच सगळ्यांत आधी विचारतात, “शब्द खंय?”

सातवी पायरी: गाणारा एक, ऐकणारा दुसरा

काही गाण्यांत हवं-नको जवळजवळ नसतंच. बा. भ. बोरकरांचं ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ घ्या. मधाचे नारळ आहेत, पानांवाचून फुलणारा चाफा आहे, सगळं भरलेलं आहे, आणि आडवं काही आलेलं नाही. इथे पहिल्या पायऱ्यांची हत्यारं लावू नका, गाणं उगाच जखमी होतं. इथे प्रश्न ऐकणाऱ्याचा. मुंबईत किंवा आखातात नोकरीला असलेला गोवेकर हे गाणं पुन्हा पुन्हा का लावतो? बाउमाइस्टर आणि लिअरी यांनी 1995 मध्ये आपलेपणाच्या गरजेला मूलभूत म्हटलं, ते इथे ऐकणाऱ्याला लागू पडतं, कवितेला नव्हे. आपल्या परंपरेत ही बाजू भरतमुनींपासून पक्की आहे. रस कुणात निर्माण होतो हा प्रश्न आपण फार आधी विचारला आहे, आणि वीररसाचा स्थायीभाव ‘उत्साह’ म्हटला तेव्हा प्रेरणेलाच भावांमध्ये जागा दिली आहे.

ऐकणाऱ्याची बाजू तपासायला गोव्यात एक हुकमी सराव आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा यासाठी झालेल्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाच्या प्रचारात गाण्यांनी मोठं काम केलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या दिवसांतली गाणी, घोषणा विचारा, दोन्ही बाजूंच्या. आठवतील त्या ओळींचे दोन ढीग करा: ‘हे मिळेल’ आणि ‘हे जाईल’. टोरी हिगिन्स यांनी 1997 मध्ये हाच भेद मांडला, मिळवण्याकडे लागलेलं मन आणि राखण्याकडे लागलेलं मन. कोणत्या बाजूच्या ओळी कोणत्या ढिगात जास्त पडतात ते तुमच्या घरच्या आठवणींवरून तुम्हीच पाहा. आजोबांशी वाद घालायला बसू नका, ओळी लिहून घ्या. तेवढं ऐकून घेणारं कुणी भेटलं की पुष्कळ आठवतं.

या पायरीवर एक पथ्य आहे. ‘तुला हे गाणं का आवडतं?’ हा प्रश्न हलका नाही. एका शनिवारी एक मुलगी आपल्या आवडत्या गाण्याविषयी सांगता सांगता गप्प झाली. आम्ही वह्या मिटल्या, चहा केला, त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही. दुसऱ्याच्या आवडीवरून त्याचं मन उकलून दाखवायचं नाही, कवीचंही नाही. जे वाचायचं ते कागदावरच्या माणसाचं.

एका गाण्याला दीड तास द्या. आठवड्याने तेच गाणं चालीसकट पुन्हा ऐका आणि पहिल्यांदा न जाणवलेली एक ओळ वहीत नोंदवा. आम्ही आतापर्यंत बहुतेक सिनेमातली, नाटकातली आणि भजनातली गाणी वाचली. येत्या पौषात आमच्या वाड्यावरच्या मांडावर, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या अंगणात, धालो (बायकांचा रात्रीचा नाच-गाण्यांचा उत्सव) सुरू झाले की त्यांतल्या बायकांच्या गाण्यांकडे वळायचं ठरलं आहे. मांडावर वही न्यायची नाही, फोनही काढायचा नाही असं काकींनी आधीच बजावलं आहे. रात्री फेरात उभं राहून गायचं, आणि सकाळी आठवेल तेवढं लिहायचं.